गाडी लागली की धूर लागला?



उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही रत्नागिरीला एका निकाहसाठी निघालो होतो. फजरची नमाज पढून कोल्हापूर सोडले. पुढे आम्ही आणि मुलांची अम्मी, मागे मुलांची दादी आणि दोन्ही मुले. डिकीत बॅगा आणि आहेराचा खोका इतका भरला होता की झाकण दाबून लावावे लागले. मलकापूर ओलांडून आंब्याच्या घाटाला लागलो आणि धाकटीने तोंडावर हात धरला. मोठा म्हणाला, "अब्बा, डोकं दुखतंय." दादी काही बोलल्या नाहीत, पण डोळे मिटून बसल्या होत्या.

"घाट आहे, गाडी लागणारच," आम्ही म्हणालो. मुलांच्या अम्मीने आलेपाकाच्या वड्या वाटल्या. थंड वारा लागू नये म्हणून काचा मात्र बंदच ठेवल्या.

साखरप्याला चहासाठी उतरलो. दहा-पंधरा मिनिटे मोकळ्या हवेत उभे राहिलो, तशी मुले खेळायला लागली. पुन्हा गाडीत बसलो आणि पालीपर्यंत पुन्हा तेच. आता आमचेही डोके जड झाले होते. तसे बोलून दाखवले, तेव्हा मुलांच्या अम्मीने विचारले, "पण तुम्ही तर चालवताय. चालवणाऱ्याला कधी गाडी लागते का?"

त्या एका प्रश्नाने आमचे डोळे उघडले. खरेच, गाडी चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही. पुढचे वळण त्याला आधी दिसते आणि शरीर आपोआप सावरते. मग गाडीतल्या पाचही जणांचे डोके एकाच वेळी का दुखावे, आणि खाली उतरताच का थांबावे? गाडीच्या तळातून येणारी खडखड आम्ही कित्येक दिवस ऐकत होतो. आम्ही काचा खाली केल्या आणि उरलेला रस्ता हळूहळू कापला. परतीचा प्रवासही उघड्या काचांनीच केला.

कोल्हापुरात आल्यावर उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी ती खड्ड्यावर घेतली, खाली उतरून बॅटरी मारली आणि आम्हालाही बोलावले. मागच्या सीटच्या साधारण खाली, दोन नळ्यांच्या जोडावर काळी काजळी जमली होती. जोड उघडला होता. इंजिनाचा धूर मागच्या टोकापर्यंत न जाता तिथूनच बाहेर पडत होता आणि आमच्या गाडीच्या तळाला, डिकीच्या झिजलेल्या रबरी पट्टीला जिथे फट मिळेल तिथून आत शिरत होता.

मुलांना झालेला सगळा त्रास धुराचाच होता असे आम्ही छातीठोकपणे म्हणत नाही, घाटही होताच. पण जोड दुरुस्त झाल्यावर त्याच घाटातून पुन्हा गेलो, तेव्हा धाकटीला नेहमीप्रमाणे थोडेसे मळमळले, बाकी कोणाला काही झाले नाही.

जोड का उघडला?

याचे उत्तर ऐकून आम्हाला शरम वाटली, कारण चूक आमचीच होती. काही महिन्यांपूर्वी गतिरोधकावर गाडी आपटली आणि सायलेन्सर मागून लोंबकळू लागला. त्याला धरणारी सळई तुटली होती. आम्ही वाटेत दिसलेल्या एका वेल्डिंगच्या दुकानात गेलो. तिथे एक जाड सळई घेऊन एक टोक नळीला आणि दुसरे टोक गाडीच्या पट्टीला डकवून दिले. मधले रबर फेकून दिले. "आता हलायचं नाव घेणार नाही," असे सांगितले. आम्ही खूश होऊन पैसे दिले. पक्के काम झाले असे वाटले.

मिस्त्री त्या सळईकडे बोट दाखवून म्हणाले, "सर, घट्ट बांधलासा म्हणून तर हिकडं तुटलं. ह्येला हलायला मोकळीक पाहिजे."

ही मोकळीक कशासाठी, ते समजून घेण्यासारखे आहे. आपण बोलताना सगळ्यालाच सायलेन्सर म्हणतो, पण खरे पाहता ती इंजिनापासून मागच्या बंपरपर्यंत जाणारी एक लांब नळी आहे. वाटेत धूर शुद्ध करणारा डबा आणि आवाज कमी करणारा डबा बसवलेला असतो. हा दुसरा डबा म्हणजे सायलेन्सर. नळीचे पुढचे टोक इंजिनाला घट्ट जोडलेले असते. इंजिन सुरू होताना, बंद होताना, गिअर बदलताना डुलते. त्याबरोबर नळीही डुलते. शिवाय नळी तापली की लांबते. लोखंडाची 3 मीटर नळी 300 अंशांनी तापली, तर ती सुमारे 1 सेंटिमीटरने वाढते. गार झाली की पुन्हा आखडते. दिवसातून चार वेळा गाडी काढली, तर चार वेळा हे घडते.

म्हणून गाडी बनवणारे ही नळी तळाला घट्ट बसवत नाहीत, रबराच्या कड्यांनी टांगतात. नळीला एक वाकवलेली सळई असते, तळाला दुसरी, आणि दोन्ही एकाच रबरात अडकवलेल्या असतात. झोपाळ्यासारखे. आम्ही तो झोपाळा काढून खांब रोवला. मग सगळा ताण पुढच्या जोडावर गेला आणि तो उघडला. रबर तुटून सायलेन्सर लोंबकळला तरी शेवटी हेच होते: मागचे वजन पुढच्या जोडावर पडते. म्हणजे सैल हँगर आणि जखडलेला हँगर, दोन्हींचा शेवट एकच.

धूर इतका घातक का?

गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. धुराचा जो वास येतो तो इतर वायूंचा असतो. आपल्या रक्तातला जो घटक प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक जोराने चिकटतो. परिणामी छाती भरून श्वास घेतला तरी शरीर उपाशी राहते. सुरुवातीला डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, झोप येते. वायू जास्त असेल तर त्या झोपेतून माणूस उठत नाही. लहान मुले, गरोदर स्त्रिया, हृदयाचा त्रास असलेली वडीलधारी माणसे यांना धोका अधिक.

त्यामुळे ही खूण प्रत्येक घराने लक्षात ठेवावी: गाडीतल्या अनेकांचे, विशेषतः चालवणाऱ्याचे, डोके एकाच वेळी दुखू लागले आणि मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटले, तर आलेपाक वाटू नका. काचा उघडा, गाडी थांबवा, सगळ्यांना खाली उतरवा. कोणी सुस्त झाले असेल, नीट बोलत नसेल, तर थेट दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना गाडीच्या धुराचा संशय सांगा.

पीयूसीचा कागद आहे म्हणून निश्चिंत राहू नका. ती नळी गाडीच्या मागच्या टोकात घालतात. मधल्या जोडातून काय गळते आहे ते त्या कागदावर उमटत नाही.

वेल्डिंगशिवाय दुरुस्ती

आता मुख्य कामाकडे येऊ. मिस्त्रींनी ती सळई कापून काढली, जोडाचे पॅकिंग बदलले आणि हँगर क्लॅम्पने बसवला. वेल्डिंगची ठिणगीसुद्धा पडली नाही. त्यांच्या शेजारी बसून जे पाहिले आणि नंतर घरी स्वतः केले, ते सांगतो.

आधी जिवाची काळजी. गाडी रात्रभर उभी राहून पूर्ण गार झालेली असावी. तापलेल्या नळीला बोट लागले तर कातडी सोलून निघते. जागा सपाट आणि टणक असावी. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना पुढून-मागून दगड लावा. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, एका मिनिटासाठीही शिरू नका. जॅक हा गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. धरण्यासाठी लोखंडी स्टँड मिळतात. ते नसतील तर गॅरेजच्या खड्ड्यावर काम करा. अनेक छोट्या गाड्यांचा सर्वांत मागचा हँगर बंपरजवळ बसून, गाडी न उचलताही हाताला लागतो. सुरुवात तिथूनच करावी. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण गंजाची पूड वरून थेट डोळ्यात पडते. मुलांना जवळ फिरकू देऊ नका. तपासणीसाठी इंजिन सुरू करायचे असेल तर उघड्यावर करा. बंद गॅरेजमध्ये मुळीच नाही.

मग नेमके काय तुटले ते पाहा. साधारण तीन प्रकार आढळतात.

पहिला आणि सर्वांत सोपा: रबर फाटले. ऊन, उष्णता आणि वय यांनी रबर कडक होते, त्याला चिरा पडतात, छिद्र लांबट होते. जुने रबर नमुना म्हणून दुकानात न्या आणि तसेच आणा. दिसायला सारखी पण लांबीला वेगळी अशी बरीच रबरे मिळतात. सायलेन्सरखाली लाकडाचा ठोकळा देऊन वजन उचलून धरा. सळईच्या टोकाला साबणाचे पाणी लावा आणि पकडीने रबर ओढून काढा. तेल किंवा ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगते आणि लवकर सडते. सळईवरचा गंज तारेच्या ब्रशने घासा, नवे रबर थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवा आणि साबणाच्या पाण्यानेच सरकवून बसवा. एका वेळी एकच रबर काढा. एक फाटले असेल तर त्याच्या जोडीदारावर दुप्पट भार पडलेला असतो. शक्य असेल तर दोन्ही बदला.

दुसरा प्रकार आमचा: नळीची सळई तुटली. यासाठी सळई बसवलेला क्लॅम्प तयार मिळतो. दोन अर्ध्या पट्ट्या किंवा यू आकाराचा बोल्ट नळीभोवती बसतो आणि त्यालाच टांगायची सळई असते. माप काढण्यासाठी नळीभोवती दोरा गुंडाळा, त्याची लांबी मोजा आणि 3.14 ने भागा. दोरा 12 सेंटिमीटर भरला तर नळीची जाडी सुमारे 38 मिलिमीटर. आमच्या मोठ्याने हे गणित केले आणि पुस्तकातल्या त्या आकड्याचा उपयोग त्याला पहिल्यांदा पटला. क्लॅम्प नळीच्या सरळ भागावर, जुन्या सळईच्या शक्य तितक्या जवळ बसवा. जागा आधी घासून साफ करा. दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एकच बाजू ओढली तर क्लॅम्प तिरका होतो. नळी चेपेल इतका जोर लावू नका. सळई अशी वळवा की रबर सरळ खाली लोंबेल, बाजूला ताणले जाणार नाही. पन्नासेक किलोमीटर गाडी चालल्यावर, गार झाली की नट पुन्हा एकदा तपासा.

तिसरा प्रकार: गाडीच्या तळाची पट्टी सैल झाली. ती बोल्टने बसवलेली असेल तर त्याच मापाचा नवा बोल्ट आणि स्प्रिंग वायसर घाला. प्लॅस्टिकची कडी असलेला नट उष्णतेजवळ वापरू नका, ती कडी वितळते. पट्टी तळाच्या पत्र्यासकट फाटली असेल तर आपण हात लावू नये. नवे छिद्र पाडायला जाल आणि वर पेट्रोलची टाकी किंवा वायरिंग असेल.

कधी कधी हँगर ठीक असतात आणि खडखड असते ती नळीवरच्या पातळ पत्र्याच्या झाकणाची. त्याचा बोल्ट गंजून निसटलेला असतो. स्टीलची मोठी होज क्लिप भोवताली आवळली की आवाज थांबतो. पत्रा कापून फेकू नका. तो तळाला उष्णतेपासून वाचवतो.

काम झाल्यावर सायलेन्सर हाताने धरून हलवा. तो सगळ्या बाजूंना थोडा डुलला पाहिजे, पण तळाला, चाकाला, ब्रेकच्या किंवा पेट्रोलच्या नळीला कुठेही लागता कामा नये. मध्ये दोन बोटांचे अंतर हवे. मग उघड्यावर, गाडी जमिनीवर असताना इंजिन सुरू करा आणि बाजूला उभे राहून कान द्या. फुस्‌फुस् किंवा टक्‌टक् असा आवाज तळातून येत असेल तर जोड गळतो आहे.

रस्त्यात तुटले तर

साधी लोखंडी बायंडिंग तार गाडीत ठेवा. तिचा सैल फास करून सायलेन्सर टांगा, खेचून बांधू नका. नायलॉनची दोरी, ओढणी, फडके वापरू नका. ते जळते आणि आग लागू शकते. काचा उघड्या ठेवून हळू चालवा आणि जवळचे गॅरेज गाठा. तार ही पट्टी आहे, औषध नव्हे. नळी पुढच्या बाजूने सुटली असेल तर गाडी हलवूच नका. ते टोक रस्त्यात रुतू शकते.

वेल्डिंग मग वाईटच का?

मुळीच नाही. बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा ज्या गावात स्वतः घडवला आणि ज्याच्या उद्यमनगरात आजही म्हादबा मेस्त्रींचे नाव आदराने घेतात, त्या गावात राहून आम्ही कारागिराच्या हुनराला कमी कसे लेखू? नळी चिरली किंवा गंजून भोक पडले, तर क्लॅम्प कामाचा नाही. ती नळी गाडीवरून उतरवून वेल्ड करावी, नाहीतर बदलावी. पण गाडीवर असताना वेल्डिंग करण्यात अडचणी आहेत: जवळ पेट्रोलची टाकी, काही गाड्यांत सीएनजीची टाकी, गंजलेला पातळ पत्रा, आणि आजच्या गाड्यांचा नाजूक संगणक, ज्यासाठी आधी बॅटरीची वायर काढावी लागते. ज्याला हे ठाऊक आहे, त्याच्याच हाती काम द्यावे.

गंजाबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. 1 लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ तितकेच पाणी वाफेच्या रूपात तयार होते. लांबच्या प्रवासात ते उडून जाते. पण घर ते शाळा, शाळा ते बाजार अशा छोट्या फेऱ्यांत नळी पुरती तापतच नाही आणि पाणी आतच साचते. सायलेन्सर आतून सडतो तो यामुळे. त्यात आपल्याकडचा पाऊस. 2019 आणि 2021 च्या महापुरात ज्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या, त्यांचे तळ तर खास पाहून घ्यावेत. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास सलग चालवली तरी खूप फरक पडतो.

शेवटी

ऊंट आधी बांधा आणि मग अल्लाहवर भरोसा ठेवा, ही शिकवण आपण मुलांना सांगतो. रस्त्यातली इजा दूर करणे ही नेकी आहे, हेही सांगतो. आपल्या गाडीचा सायलेन्सर महामार्गावर पडला आणि मागून येणारा मोटारसायकलवाला त्यावर आदळला, तर ती इजा आपणच रस्त्यात टाकलेली असते. पहाटेच्या वेळी खडखडत गल्लीतून जाणारी गाडी शेजारच्या आजाऱ्याची झोप मोडते, त्याचाही हिशेब आहे. आम्ही प्रवासाची दुआ पढून निघालो होतो, पण कित्येक दिवस कानावर पडणारा आवाज ऐकून न ऐकल्यासारखा केला होता. तवक्कुलच्या नावाखाली आम्ही आळस चालवला होता.

दादी अजून म्हणतात, "मला तेव्हाच वाटलं होतं, पण म्हटलं घाट असेल." घरातले वडीलधारे आणि लहान मुले सहसा तक्रार करत नाहीत, किंवा केली तरी आपण ती आलेपाकावर भागवतो. या रविवारी दहा मिनिटे काढा. गाडी गार असताना मागे बसा, बॅटरी मारा, रबरे पाहा, सायलेन्सर हाताने हलवून पाहा. काही फाटलेले दिसले तर त्याच दिवशी सोय करा. मुलांना सोबत घ्या. पाहण्यापुरते, गाडीखाली नव्हे.

पुढच्या महिन्यात इन्शाअल्लाह घरातल्या गॅसच्या शेगडीबद्दल बोलू: नळी कधी बदलावी आणि ज्योत पिवळी का होते. तोवर खुदा हाफिज.